फोरमनना सांगू नका

फोरमनचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे साऱ्या कारखान्याला माहीत होतं. पण एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चेंडूपायी हा माणूस स्वतःला घरात कोंडून घेईल, असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

झालं ते असं. बाटल्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी रोज संध्याकाळी कामगार क्लबच्या वरच्या खोलीत जमायची. खोलीत टेबल टेनिसचं एक टेबल, दोन बाकं, चहाची किटली आणि फिरण्यापेक्षा कुरकुरणारा एक पंखा. खेळ म्हणायचा आपला. चेंडू उचलायला वाकलं की निम्मी मंडळी कमरेवर हात ठेवून ‘आई गं’ करायची. पण त्यांचा हशा खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. त्या संध्याकाळी शेवटच्या गुणाला फोरमनचा चेंडू टेबलाच्या कडेला घासून गेला, असं फोरमनचं म्हणणं. घासला-बिसला काही नाही, सरळ बाहेर गेला, असं लांब्याचं. लांब्या म्हणजे कारखान्याच्या गोदामातला ताडमाड माणूस, फोरमनचा तरुणपणापासूनचा जिवलग. शब्दाने शब्द वाढला आणि लांब्या हसत हसत बोलून गेला, “तू कामावरही असलाच. फुटक्या बाटल्या चांगल्यांत धरायचास.”

सगळे हसले. बोलण्यापेक्षा ते हसणं लागलं. फोरमननी बॅट टेबलावर ठेवली, जिना उतरले आणि परत त्या जिन्याची पायरी चढले नाहीत.

“येतील आठवड्याभरात ताळ्यावर,” वहिनी तेव्हा शेजारणीला म्हणाल्या होत्या. क्लबातल्या सगळ्यांची ती वहिनी, फोरमनची बायको. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत पुढच्या खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन होतं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलायची. रुसवेफुगवे त्यांनी घरात पुष्कळ पाहिले होते. लेकीच्या लग्नातसुद्धा हा माणूस फोटोवाल्यावर रुसून मागच्या रांगेत जाऊन बसला होता. म्हणून त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

आठवडा गेला, महिना गेला. फोरमन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागले ते बसलेच. टीव्ही चालू, आवाज बंद. आधी संध्याकाळचं बाहेर पडणं सुटलं, मग सकाळचं. मग दाढी एक दिवसाआड, मग वहिनींनी आठवण केली तर. लेकीचा फोन आला की “हं, बरं, आईला देतो.” वहिनी दुकानातून येताना रोज काहीतरी गंमत गोळा करून आणायच्या, कोणाच्या खिशात काय सापडलं, कोणी जाड झाल्याचा दोष लाँड्रीच्या मशीनला कसा दिला. फोरमन ऐकायचे, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही.

“अहो, जाऊन या की क्लबात. तुमच्यावाचून ओस पडलंय म्हणतात.”

“ओस पडू दे. फुटकी बाटली कशाला हवी त्यांना?”

वहिनींना पहिली भीती वाटली ती एका रात्री फोरमनचे मोजे काढताना. वाकवत नाही म्हणून फोरमननी पाय पुढे केला. मोजा निघाला, पण त्याच्या इलॅस्टिकचा वण पोटरीवर तसाच राहिला, खोल, जसा काही कोणी दोरी आवळून बांधली होती. वहिनींनी बोटाने दाबून पाहिलं. बोट उचललं तरी खळगा भरून आला नाही. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. गेल्याच महिन्यात यांच्या पँटची कंबर आपण सैल केली, आणि जेवण तर निम्म्यावर आलंय. उशाला एकाच्या दोन उशा झाल्या, दोनाच्या तीन. न्हाणीघरातून खुर्चीपर्यंत आले की वाफेच्या इंजिनासारखा श्वास.

“कधीपासून होतंय हे?” इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या वयाने लेकीएवढ्याच, पण बोलणं शांत, पोक्त.

फोरमन छताकडे बघत होते. वहिनी म्हणाल्या, “कोणाला कळलंच नाही हो.”

“कळणार कसं? घरातल्या घरात बसलं की दम लागलेलाही समजत नाही.” बाईंनी औषधं समजावून सांगितली, मीठ कमी करायला सांगितलं. मग त्या फोरमनना म्हणाल्या, “आणि काका, माणसांत जायला लागा. एकटं पडलेल्यांची हृदयं लवकर थकतात, हे आम्ही रोज बघतो. चालणं थांबतं, गोळ्या चुकतात, दुखलं-खुपलं तर सांगायला समोर कोणी नसतं. हेही औषधच समजा.”

फोरमन शर्टाची बटणं लावायला पडद्याआड गेले, तेव्हा वहिनींनी हळूच विचारलं, “घाबरण्यासारखं आहे का?”

“हृदय बरंच कमजोर झालंय. जपायला हवं. सध्या एकदम धक्का बसेल असं काही नको.”

बाईंनी सांगितलं पुष्कळ. वहिनींच्या डोक्यात मात्र शेवटचं वाक्य खिळ्यासारखं बसलं.

दुसऱ्याच दिवशी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन त्या क्लबात गेल्या. क्लबाचं सगळं बघणारा माणूस, ज्याला सगळे कप्तान म्हणायचे, टेबलावरची धूळ पुसत होता. “लांब्या? तोही येत नाही वहिनी. फोरमन यायचा थांबला, त्यानंतर जेमतेम दोन-चारदा आला असेल. म्हणतो, समोर तोंड वेंगाडायला तो नाही, तर खेळून काय करू?”

वहिनींना हसावं की रडावं कळेना. दोन म्हातारी पोरं दोन खोल्यांत फुगून बसली होती.

लांब्याची खोली टायरच्या दुकानामागे, तळमजल्यावर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दार ढकललं तर उघडंच होतं. लांब्या, वहिनींचे भाऊजी, पलंगाच्या कडेला बसले होते, दुपार असून दिवा लावलेला. एवढा उंच माणूस, पण कोणीतरी घडी घालून ठेवल्यासारखा दिसत होता.

“वहिनी! तुम्ही? बसा, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय माझ्याहून म्हातारा आहे.”

“मला बसायचं नाही भाऊजी. तुमचा मित्र आजारी आहे. हृदयाचं निघालंय.”

भाऊजींचं हसू मावळलं. त्यांनी तळहाताने जबडा चोळला, जसा दात दुखताना चोळतात. “फार आहे?”

“आहे. आणि तो हट्टाने खुर्चीत बसून मरणार आहे, आणि तुम्ही इथे. वय काय तुमचं? शोभतं का?”

“चेंडू बाहेर गेला होता वहिनी.”

“जाऊ दे ना खड्ड्यात तो चेंडू!”

ते हसले आणि हसता हसता त्यांना दम लागला. कपाळावर घाम होता. खोलीत पंखा चालू होता. वहिनींना ते दिसलं, पण त्यांच्या मनात सगळी जागा घरच्या खुर्चीने अडवली होती. “तुम्ही एकदा घरी या,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना काही सांगत नाही. तुम्ही नुसते दारात उभे राहा.”

भाऊजींनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. “रविवारी येतो,” ते म्हणाले. “दाढी करून येतो. नाहीतर म्हणेल, गोदामातला उंदीर आला.”

रविवारी वहिनींनी घर लख्ख केलं. फोरमनना बळेच धुतलेला शर्ट घालायला लावला. “कोण येणार आहे?” “कोणी नाही. धुतलेला घातला तर काय अंगाला चावतो?” सकाळ टळली. दुपार टळली. जिन्यावर पावलं वाजली की वहिनी हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या, पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची. संध्याकाळी त्यांनी दाराची कडी जरा जोरातच लावली. शब्द देऊन फिरवणारा माणूस, त्या मनात म्हणाल्या, दोघं एकाच माळेचे मणी.

सोमवारी कप्तान लाँड्रीत आला. हातात कपडे नव्हते. वहिनींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

“लांब्या गेला वहिनी. आज सकाळी टायरवाल्याला दिसला. कालच गेला असावा, डॉक्टर म्हणतात.” कप्तानाने टोपी काढून पुन्हा घातली. “चांगले कपडे केलेले होते. एका पायात बूट, दुसरा हातात. कुठे निघाला होता देव जाणे.”

तो कुठे निघाला होता ते देवाखेरीज आणखी एका माणसाला माहीत होतं. वहिनींच्या बोटाखाली सुई होती, ती टोचली तेही त्यांना कळलं नाही.

“फोरमनना सांगू नका,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण शेवटचं दर्शन तरी...”

“डॉक्टर म्हणाल्यात धक्का नको. तुम्ही सगळ्यांना सांगा. कोणी बोलायचं नाही.”

“मंडळी फोरमनला भेटायला यायचं म्हणतायत.”

“नको. येऊ नका कोणी. कोणाच्या तरी तोंडून निघेल. जरा बरे होऊ देत, मग मीच सांगेन.”

कप्तान गेला. तिथून पुढे वहिनींच्या मागे जे लागलं, ते सुटता सुटेना. क्लबातल्या माणसांना त्यांनी जिन्याच्या खालूनच परतवलं. शेजारचे आजोबा बुद्धिबळाचा पट काखेत मारून आले, तर दार बोटभर उघडून “झोपलेत हो” म्हणून लावून घेतलं, कारण आजोबांचा भाचा टायरच्या दुकानात कामाला होता. फोरमनचा मोबाईल ‘बिघडला’ आणि वहिनींच्या पिशवीत दुरुस्तीच्या नावाखाली पडून राहिला. लेकीने बाबांना दे म्हटलं की बाबा आंघोळीला. दुकानातल्या इस्त्रीवालीने आपुलकीने चौकशी केली तरी वहिनी तोडून बोलायच्या. जुनी मैत्रीण होती ती, दुपारचा चहा दोघी एकाच कपबशीतून पीत आलेल्या. ती काही दिवस गप्प बसली आणि मग चहाला हाक मारायचीच थांबली. वहिनींच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांचा कान कायम दाराकडे.

“कोण होतं गं?” फोरमन विचारायचे.

“कोणी नाही.”

“परवाही कोणी नाही, आजही कोणी नाही.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “मी मेलो असं समजलेत की काय सगळे?”

औषधांनी पायांची सूज उतरली होती. श्वासही जरा हलका झाला होता. आणि शरीर सावरायला लागलं तसं मन मऊ पडलं, हीच खरी पंचाईत झाली. एका संध्याकाळी वहिनी त्यांच्या पँटची कंबर पुन्हा आवळत बसल्या होत्या. फोरमन एकदम म्हणाले, “लांब्याला एक निरोप देशील?”

वहिनींचा टाका चुकला. “काय?”

“चेंडू बाहेर गेला होता म्हणावं.” ते ओशाळं हसले. “मला तेव्हाच दिसलं होतं. पण ते सगळे हसले ना...”

वहिनींनी पँट तोंडाशी धरून दाताने दोरा तोडला, म्हणजे तोंड झाकलं जाईल. “सांगते,” त्या म्हणाल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनाही कळत होतं. पण माणूस कितीतरी दिवसांनी हसला होता, आणि त्या हसऱ्या तोंडावर ते सांगायला जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरात पाऊल टाकतात तोच, “सांगितलंस?”

“हो.”

“मग? काय म्हणाला?”

“हसले.”

“नुसता हसला? लांब्या? तो गप्प बसणारा माणूस आहे होय! काहीतरी म्हणालाच असेल.”

गेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं होतं. वहिनींनी पिशवी खुंटीला अडकवली, पदर सारखा केला. वेळ काढला तितका थोडाच. “म्हणाले, येतो.”

फोरमननी त्या संध्याकाळी स्वतः होऊन दाढी केली. दुसऱ्या दिवशीही केली. खुर्चीचं तोंड त्यांनी खिडकीकडून दाराकडे फिरवलं. वहिनी घरातून निघताना ते दाराकडे बघत असायचे, परतताना दाराकडेच. जिन्यावर पावलं वाजली की मान उंचवायची, पावलं वर निघून गेली की खाली. वहिनींना ते बघवेना. घरात शिरताना आपल्याच पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या चप्पल हातात घेऊन जिना चढायला लागल्या.

“अजून रागावलाय,” फोरमन एकदा म्हणाले. “मोठा मानी आहे. मलाच जायला हवं.”

“डॉक्टरांना विचारून जाऊ,” वहिनी घाईने म्हणाल्या. “मी सोबत येते. पुढच्या आठवड्यात.”

“पुढच्या आठवड्यात,” ते म्हणाले, आणि वहिनींकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी विसरलेला चष्मा न्यायला घरी आल्या. दार नुसतंच ओढून घेतलेलं. खुर्ची रिकामी. टीव्ही बंद. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, आतली खोली पाहिली, पण पाहायची गरज नव्हती. दाराजवळचे बूट गेले होते.

त्या धावल्या. त्यांच्या वयाच्या बाईला रस्त्यातून धावताना बघून माणसं बाजूला होत होती. सिग्नलला थांबवेना, गाड्यांच्या मधून त्या वाट काढत गेल्या. टायरच्या दुकानाशी आल्या तेव्हा छातीत भाता फुटतोय की काय असं झालं होतं. दुकानात कोणी नव्हतं. त्या बोळातून मागे गेल्या.

लांब्याच्या दाराला कुलूप होतं. त्याखालच्या पायरीवर फोरमन बसले होते. टायरवाला हातात पाण्याचा पेला घेऊन शेजारी उकिडवा बसला होता आणि वहिनींना बघताच उठून उभा राहिला. “मला वाटलं यांना माहीत आहे,” तो पुटपुटला. “इतके दिवस झाले... मला काय ठाऊक बाई!”

फोरमनचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. धुतलेला शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी मान वर केली.

“निरोप दिलास ना त्याला?” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “काय म्हणाला होता? सांग परत.”

“अहो, आधी आपण दवाखान्यात...”

“सांग ना. काय म्हणाला?”

वहिनी त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या. “ते तुमच्याकडेच यायला निघाले होते,” त्या म्हणाल्या. “मी बोलावलं होतं. रविवारी.” या वेळी त्या खरं बोलत होत्या. पण फोरमननी ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते हळूहळू कुलुपाच्या बाजूला कलत चालले होते.

टायरवाल्याने त्यांना पोत्यासारखं उचललं आणि आपल्या व्हॅनमध्ये घातलं. इस्पितळ जवळ होतं आणि डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, म्हणून फोरमन वाचले. “वेळेत आणलंत,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग क्लबातली सगळी मंडळी आली. आता लपवायला काही उरलं नव्हतं. कप्तान आला, शेजारचे आजोबा पट घेऊन आले, लेक धावत आली. माणसं पाळी लावून पलंगाशी बसायची. लांब्याच्या आठवणी निघायच्या, फोरमन ढसाढसा रडायचे आणि रडता रडता मधेच हसायचे. नर्स रागवायची, डॉक्टरीणबाई मात्र म्हणायच्या, बसू दे त्यांना. महिन्याभराने फोरमन काठी टेकत क्लबाचा जिना चढले. अंगावर पुन्हा मांस चढलं, आवाज पूर्वीसारखा खणखणीत झाला. डॉक्टरीणबाई खूष होत्या.

वहिनींशी मात्र ते कामापुरतं बोलायचे. गोळी दे. चष्मा कुठे आहे. मी निघतो. भांडले असते तर बरं झालं असतं. एकदाच ते म्हणाले होते, लेकीच्या देखत, अगदी शांतपणे, “त्याचं तोंड बघायचं राहिलं माझं.” लेक आपल्या घरी परत गेली. संध्याकाळी फोरमन क्लबात जायचे, वहिनी शिवण घरी घेऊन बसायच्या. इस्त्रीवालीशी बोलावं असं पुष्कळदा मनात यायचं, पण सुरुवात कुठून करायची ते कळायचं नाही. मग त्या मशीन चालवायच्या. त्याच्या आवाजात घर निदान रिकामं वाटत नसे.

कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, हे वहिनींना त्याच दिवसांत पहिल्यांदा जाणवलं. दोन खांद्यांच्या मधोमध काहीतरी दाबून धरल्यासारखं व्हायचं. जरा उभं राहिलं की जायचं. पाठ अवघडली असेल, त्या स्वतःशी म्हणायच्या, जन्मभर मशीनवर वाकून दुसरं काय होणार. मग ते बसल्या जागीही व्हायला लागलं. एका संध्याकाळी ते खांद्यांतून डाव्या हातात उतरलं आणि कात्री खाली पडली. कपाळावर घाम फुटला. वहिनी खुर्चीची पाठ धरून बसून राहिल्या. त्यांना माहीत होतं हे काय असतं. इतक्या जवळून त्यांनी ते पाहिलं होतं.

जिन्यावर काठी वाजली. फोरमन आत आले, कशाला तरी एकटेच हसत. चेहऱ्यावर तकाकी होती, श्वास एका लयीत चालला होता. दारात ते थबकले. कितीतरी दिवसांनी त्यांनी वहिनींकडे नीट पाहिलं.

“काय झालं गं? अशी का बसलीस?”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस नुकता कुठे उभा राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी जपायला सांगितलं होतं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “दोरा संपला.”

“उद्या आणतो,” फोरमन म्हणाले, आणि काठी कोपऱ्यात टेकवून हातपाय धुवायला आत गेले.